ट्रेबाहेरचा कारभार

कोपऱ्यात लिटरचा ट्रे भरून ठेवलेला असताना मांजराने तो सोडून सोफ्यावर, पायपुसण्यावर किंवा इस्त्रीहून आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर शू करणे ही मांजर पाळणाऱ्यांची नेहमीची आणि सगळ्यांत मोठी तक्रार आहे. मांजरांच्या वागणुकीबद्दल पशुवैद्यकांकडे जी गाऱ्हाणी येतात त्यांत हिचा नंबर बहुधा पहिला लागतो. या एका कारणावरून असंख्य मांजरे घराबाहेर काढली जातात. घरात मात्र तपास सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो, की मांजराने सूड घेतला. काल त्याला मासा दिला नाही, परवा बाल्कनीत कोंडले, गेल्या शनिवारी त्याला एकट्याला ठेवून सगळे अलिबागला गेले, त्याची ही फेड. गुन्हा, हेतू आणि आरोपी एका दमात सिद्ध होतात. आरोपी त्याच वेळी समोर बसून पंजा चाटत असतो, त्यामुळे त्याचा निर्ढावलेपणाही पुराव्यात जमा होतो.

सूड घेणे हे सोपे काम नव्हे. कालचा अपमान आज आठवावा लागतो, तो कोणी केला हे ध्यानात ठेवावे लागते, त्या माणसाचा जीव कोणत्या वस्तूत अडकला आहे हे हेरावे लागते आणि त्या वस्तूचे काय केले म्हणजे तो जास्तीत जास्त तडफडेल याचा अंदाज बांधावा लागतो. एवढी तयारी व्हायला एकत्र कुटुंबात दोन-तीन पिढ्या काढलेल्या असाव्या लागतात. मांजराला ती सोय नाही. शिवाय स्वतःच्या लघवीच्या वासाबद्दल त्याचे मत माणसाच्या मताशी जुळत नाही. तो वास त्याला घाण वाटत नाही, ओळखीचा वाटतो. घरमालकाच्या उशीवर शू करणारे मांजर फार तर त्या उशीला घरपण आणत असते.

मुळात मांजर ट्रेमध्ये जातेच का, हे आधी पाहायला हवे. पाळीव मांजराचा पूर्वज फेलिस लिबिका हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरे आली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. या कोरड्या मुलखाचा वारसा आजच्या मांजरात शाबूत आहे. भुसभुशीत जमीन दिसली की ते उकरते. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे होईपर्यंत आई त्याला चाटून शू करायला लावते. त्यानंतर ते आपले आपण माती-वाळू शोधते, त्यासाठी शिकवणी लावावी लागत नाही. वारशाचा दुसरा भाग मूत्रपिंडांचा आहे. मांजराला तहान कमी लागते, आणि थोड्या पाण्यात भागवून लघवी अतिशय दाट करून बाहेर टाकण्यात त्याची मूत्रपिंडे तरबेज आहेत. वाळवंटात हा गुण होता. फ्लॅटमध्ये त्याचे काय होते ते पुढे येईलच.

वाड्यांत आणि गावच्या घरांत हा प्रश्न कोणाला पडला नाही. मांजर परसात जाई, चुलीच्या राखेच्या ढिगावर जाई, शेजाऱ्याच्या नुकत्याच खणलेल्या अळ्यात जाई. बांधकामासाठी आणून टाकलेला वाळूचा ढीग मालकाच्या हिशेबी स्लॅबचे सामान असे, आणि आळीतल्या मांजरांच्या हिशेबी सार्वजनिक सोय. पुढे माणसे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली, बाल्कन्यांना जाळ्या लागल्या, मांजर सुरक्षित झाले आणि त्याचे परस, अळे, ढीग हे सगळे एका प्लास्टिकच्या ट्रेत बसवण्यात आले.

त्या ट्रेत जो माल भरतात त्याची जन्मकथा अशी. १९४७ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅसोपोलिस गावी, एका बाईंच्या मांजराची वाळू थंडीने गोठली. राख वापरून पाहिली तर मांजर घरभर काळे पंजे उमटवी. म्हणून त्या बाई शेजारच्या एडवर्ड लो यांच्याकडे वाळू मागायला गेल्या. लो यांच्या घरचा धंदा कारखान्यांत सांडलेले तेल टिपून घेणारे पदार्थ विकण्याचा. त्यांनी वाळूऐवजी फुलर्स अर्थ नावाची माती दिली. बाई पुन्हा पुन्हा तीच मागायला येऊ लागल्यावर लो यांनी पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर 'किटी लिटर' असे लिहिले आणि ६५ सेंट किंमत लावून दुकानात नेल्या. दुकानदार म्हणाला, वाळू मातीमोलाने मिळत असताना याला पैसे कोण देणार? लो म्हणाले, मग फुकट वाटा. पहिल्या पिशव्या संपल्यावर लोक पैसे द्यायला तयार झाले आणि त्या पैशांचा पुढे प्रचंड उद्योग उभा राहिला. ही फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती. आपल्याकडे जी चेहऱ्याला लावतात तिच्यात मिशिगनची मांजरे शू करीत होती, आणि दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना गुण येत होता. ओले झाले की गोळा होणारे बेंटोनाइटचे लिटर १९८०च्या दशकात आले. बेंटोनाइट ही माती भारतात मुख्यतः कच्छमध्ये निघते.

एवढी सोय करूनही मांजर बाहेर का जाते, यावर मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन संस्थांनी, एक अमेरिकन आणि एक आंतरराष्ट्रीय, २०१४ मध्ये मिळून मार्गदर्शिका काढली. तीत कारणे चार गटांत घातली आहेत: शरीराचा आजार, मूत्राशयाचा कारण न सापडणारा दाह, हद्दीच्या खुणा, आणि ट्रेबद्दल किंवा घरातल्या मंडळींबद्दल नाराजी. एकाच मांजरात यांपैकी दोन-तीन गोष्टी सुखाने नांदू शकतात. सूड हा पाचवा गट त्यात नाही.

आजार आधी, कारण तो राहून गेला तर बाकीचे शहाणपण फुकट जाते. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइड वाढणे यांत लघवीचे प्रमाणच वाढते. ट्रे लवकर भरतो आणि मांजराला वेळेत पोहोचणे जमत नाही. वाळवंटातून आलेल्या त्या दाट लघवीमुळे मूत्राशयात खडे होतात, ते बहुधा स्ट्रुव्हाइटचे किंवा कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जंतुसंसर्ग तरुण मांजरात क्वचित आढळतो, दहा वर्षांपुढच्या मांजरात त्याची शक्यता वाढते. म्हणून शेजारच्यांच्या मांजराला लागू पडलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मांजराला देणे हा उपचार नव्हे, शेजारधर्म आहे.

यांतल्या बऱ्याच विकारांत लघवी करताना दुखते. ट्रेमध्ये बसले की दुखते, हे मांजराच्या लक्षात येते आणि दुखणे ट्रेमुळेच होते असे ते धरून चालते. मग ते जागा बदलून पाहते. मऊ गादीवर जाऊन पाहते, तिथेही दुखले तर थंडगार फरशीवर जाते. निष्कर्ष चुकला तरी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. एक दृश्य इथे जवळून पाहण्यासारखे आहे. मांजर बेसिनमध्ये किंवा मोरीत जाऊन बसते, बराच वेळ बसते, दोन-चार थेंब पडतात, त्यांत कधी गुलाबी झाक असते. ते उठते, मागे वळून खालची बाजू चाटते, चार पावले जाऊन पुन्हा बसते. घरात यावर कौतुकाची लाट येते. बघा कसे शहाणे झाले, आपले आपण मोरीत जाते! ते शहाणे झालेले नसते. त्याला दुखत असते, आणि त्या दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यायचे असते.

हेच मांजर बोका असेल आणि वारंवार बसूनही त्याला लघवी होतच नसेल, तर विनोद थांबवावा. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. बारीक स्फटिक आणि चिकट स्राव यांची गुठळी तिथे अडकली की वाट बंद होते. लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे आणि हृदय धोक्यात येतात. उपचार मिळाले नाहीत तर बोका दगावतो. तो कुंथत आहे म्हणून बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधणारी घरे आहेत. ही वेळ सकाळची वाट पाहण्याची नसते. रविवार असो की रात्रीचे दोन वाजलेले असोत, बोक्याला उचलून दवाखाना गाठायचा.

दुसरा गट खडे, जंतू, मधुमेह काहीच न सापडणाऱ्यांचा, आणि तोच सगळ्यांत मोठा आहे. दहा वर्षांच्या आतल्या ज्या मांजरांना मूत्रमार्गाचा त्रास होतो, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना हा विकार असतो. मूत्राशयाला सूज असते आणि तिचे मूळ मूत्राशयात नसते, मांजराच्या ताणात असते. ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी यावर अनेक वर्षे काम केले आणि मूत्राशयापुरता न राहणाऱ्या या दुखण्याला 'पँडोरा सिंड्रोम' हे नाव सुचवले. त्यांच्या गटाने ३२ मांजरे ७७ आठवडे पाहिली. त्यांतली काही या विकाराची होती, काही धडधाकट. सांभाळणारे माणूस बदलले, जेवणाची वेळ चुकली, नेहमीचा दिनक्रम मोडला, की दोन्ही प्रकारच्या मांजरांत खाणे सोडणे, उलटी होणे आणि ट्रेबाहेर घाण करणे वाढायचे. म्हणजे मांजर पूर्ण निरोगी असले तरी वेळापत्रक बिघडल्यावर ट्रे चुकवू शकते. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठी घरातले मांजर वर्षभर कशातून जाते हे या प्रकाशात पाहावे. गणपतीत दिवाणखान्यातला सोफा हलतो, त्या जागी मखर येते, दिवसातून दोनदा पंधरा माणसे जमून झांजा वाजवतात आणि गल्लीच्या तोंडाशी ढोल असतो. दिवाळीत आधी रंगारी येतात, मग साफसफाई, मग फटाके. मे महिन्यात नाशिकची भावंडे सुट्टीला येतात, आणि त्यांतल्या धाकट्याला मांजराला शेपटीने ओळखण्याची सवय असते. मध्येच घरात बाळ येते, सून येते, नवीन वॉशिंग मशीन येते. यांतल्या कशाचीही मांजराला आगाऊ सूचना नसते. त्याला हवी असते तीच खुर्ची, तीच वेळ, तोच वाडगा आणि गडबडीत वर चढून बसायला एक उंच जागा. ही एवढी मागणी पुरवली, ओले खाणे आणि पाणी वाढवून लघवी पातळ ठेवली, रोज ठरल्या वेळी थोडे खेळवले, की पुष्कळ मांजरांचा त्रास कमी होतो.

या विकाराची एक खोड अशी की त्याचा झटका बहुतेकदा आठवडाभरात आपोआप ओसरतो आणि काही महिन्यांनी परत येतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही केले असेल त्याचा गुण आला असे वाटते. कोणी जिऱ्याचे पाणी दिलेले असते, कोणी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढलेली असते, कोणी खाण्याची कंपनी बदललेली असते. प्रत्येक घराचा स्वतःचा रामबाण उपाय तयार होतो आणि तो इतरांना सढळ हाताने सांगितला जातो. त्यापैकी दृष्ट काढण्याने निदान मांजराला अपाय होत नाही, मोहऱ्यांचा धूर नाकात गेला नाही तर.

आता ट्रे. ट्रे विकत घेतो माणूस आणि वापरते मांजर. दुकानातला बहुतेक माल विकत घेणाऱ्याला आवडावा असा बनवलेला असतो. तो आटोपशीर असतो, कपाटाखाली सरकतो, त्याला झाकण असते आणि लिटरला लव्हेंडरचा वास असतो. मांजराला यांतले जवळजवळ काहीच नको असते. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी, आणि या मापाने तपासले तर बाजारातले बरेच ट्रे पिल्लांचेच ठरतात. मोठे झालेले पर्शियन त्यात उभे राहते, पुढचे पाय आत, मागचे पायही आत, आणि वळायला जागा नसल्याने मागची बाजू काठाबाहेर. लघवी फरशीवर पडते. मांजराच्या मते ते ट्रेतच गेलेले असते आणि नंतर घरात उठलेल्या गदारोळाचा त्याला अर्थ लागत नाही. अशा घरी बोहारणीकडून घेतलेला कपडे भिजवायचा पसरट टब किंवा गवंड्याचे मोठे घमेले महागड्या ट्रेपेक्षा उपयोगी पडते. झाकणाचा ट्रे काही मांजरांना चालतो, काहींना चालत नाही. झाकलेली घाण माणसाला दिसत नाही म्हणून ती उपसली जात नाही, हा मात्र झाकणाचा खात्रीचा परिणाम आहे.

खूश मांजर आणि नाराज मांजर ट्रेत कसे वागते, हे दोन मिनिटे शेजारी बसून पाहिले तर कळते. खूश मांजर आत उतरते, वास घेते, एका पंजाने चार-दोनदा उकरते, अर्धी गिरकी घेऊन दुसरीकडे उकरते, बसते, उठल्यावर वळून पुन्हा वास घेते आणि सावकाश माती ओढून झाकते. नाराज मांजर काठावर तोल सांभाळत उभे राहते, काही तर चारही पाय काठावर ठेवून कसरत करतात. लिटरला पाय लागला की पंजा झटकते. काम उरकल्यावर लिटर सोडून शेजारची भिंत किंवा ट्रेची कड खरवडते आणि उडी मारून सुसाट पळते. या मांजराने अजून ट्रे सोडलेला नाही, पण सोडण्याच्या बेतात आहे.

बहुतेक मांजरांना बारीक, वाळूसारखे, बिनवासाचे लिटर आवडते, थर साधारण तीन ते पाच सेंटिमीटरचा. ते रोज उपसावे लागते, दोनदा उपसले तर उत्तम. रविवारी एकदाच करू, हा करार मांजराने केलेला नसतो. सेल लागला म्हणून एका दिवसात लिटर बदलले तर काही मांजरे संप करतात, म्हणून नवे जुन्यात थोडेथोडे मिसळत न्यावे. लहानपणची सवयही आड येते. पिल्लू असताना रद्दीवर शू करायला लावलेले मांजर मोठेपणी रद्दी आणि आजचा पेपर यांत भेद करीत नाही. चिंध्यांवर वाढलेल्याला गोधडीचे वाकडे नसते.

ट्रे ठेवतात कुठे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. जी जागा माणसाला नको ती मांजराला, असा सर्वसाधारण नियम दिसतो, आणि फ्लॅटमध्ये ती जागा वॉशिंग मशीनच्या शेजारी असते. मांजर नेमके बसलेले असताना मशीन कपडे पिळायला लागते, सगळा कोपरा थरथरतो, आणि त्या दिवसापासून तो कोपरा मांजराच्या नकाशावरून पुसला जातो. ट्रे शांत जागी हवा, खाण्याच्या वाडग्यापासून दूर हवा आणि तिथून निसटायला दोन वाटा असल्या तर अधिक चांगले. मांजरे जितकी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त, असे तज्ज्ञ सांगतात. वन बीएचकेत दोन मांजरे असली तर तीन ट्रे, म्हणजे घरातल्या माणसांपेक्षा मांजरांची स्वच्छतागृहे अधिक. तीनही ट्रे एका रांगेत मांडले तर मांजर त्यांना एकच धरते, त्यामुळे ते घरभर विखरून ठेवावे लागतात. पाहुण्यांसमोर हे कसे दिसते याचा मार्गदर्शिकेत विचार केलेला नाही.

एकाहून अधिक ट्रे लागण्याचे कारण मांजरांच्या आपसांतल्या राजकारणात आहे. दोन मांजरे कधी गुरगुरत नाहीत, म्हणजे त्यांचे चांगले चालले आहे असे घर समजते. प्रत्यक्षात त्यांतले एक बोळाच्या तोंडाशी निवांत पसरलेले असते, डोळे अर्धे मिटलेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ट्रेकडे जायची वाट तीच असते. दुसरे मांजर येते, त्याच्याकडे पाहते, विचार बदलते आणि बेडरूमच्या गालिच्याकडे वळते. मार बसतो गालिच्यावाल्याला. बोळ अडवणाऱ्याला त्याच्या शांत स्वभावाबद्दल एक बिस्किट जास्त मिळते.

खुणा करणे हा प्रकार निराळा, आणि त्याला लघवीची निकड म्हणता येत नाही. मांजर बसत नाही, उभे राहते. उभ्या पृष्ठभागाकडे, म्हणजे दार, पडदा, कपाटाची बाजू, भिंतीचा कोपरा यांच्याकडे पाठ करते, शेपटी ताठ करते, शेपटीचे टोक थरथरते, मागचे पाय जागीच वर-खाली होतात आणि थोडीशी पिचकारी उडते. डाग जमिनीपासून वीतभर उंच आणि खाली ओघळलेला असतो. खाली थारोळे आणि भिंतीवर काही नाही, तर ती साधी शू. हा फरक डॉक्टर सगळ्यांत आधी विचारतात. नसबंदी न केलेले बोके यात आघाडीवर असले तरी माजावरच्या भाटीही हे करतात. नसबंदीने सुमारे नव्वद टक्के बोक्यांत ही सवय थांबते किंवा अगदी कमी होते, राहिलेल्यांत ती चालू राहते. खिडकीतून दिसणारा सोसायटीतला उपरा बोका हे तिचे एक मोठे निमित्त आहे. त्याला कळावे म्हणून घरातला बोका खिडकीखालची भिंत भिजवतो, बाहेरच्याला काहीच कळत नाही, आतल्यांना मात्र सगळे कळते. खिडकीच्या खालच्या भागाला अपारदर्शक कागद चिकटवल्याने पुष्कळदा काम भागते. पाहुण्यांच्या बॅगा आणि चपलाही याच सदरात मोडतात. त्यांना अनोळखी घराचा वास असतो, आणि तो आपल्या वासाखाली झाकणे हे मांजराच्या लेखी गृहकृत्य आहे.

हा वास एवढा चिवट का, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधक असलेले अमिनो आम्ल असते. ताज्या लघवीत त्याचा त्रास नसतो. ते हळूहळू विघटित होते आणि त्यातून उग्र वासाचे गंधकयुक्त पदार्थ सुटतात, म्हणून सकाळी दुर्लक्षिलेला डाग संध्याकाळी स्वतःहून लक्ष वेधून घेतो. हे फेलिनिन बनवायला मूत्रपिंडातले कॉक्सिन नावाचे प्रथिन मदत करते, असे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. ते नसबंदी न झालेल्या बोक्यांत सर्वांत जास्त असते, आणि बोक्याच्या वासाची ख्याती त्यामुळेच. यूरिक आम्लाचे क्षार पाण्यात सहज विरघळत नाहीत. वरवर पुसलेला डाग वाळतो, आणि जुलैतली दमट हवा लागली की पुन्हा जागा होतो.

इथे घराघरांतला हात आपसूक फिनाईलकडे जातो, आणि तो अडवायला हवा. फिनॉलवर्गीय पदार्थ पचवून बाहेर टाकायला यकृतातल्या ज्या विकराची गरज असते त्याचे काम मांजराच्या यकृतात फार अपुरे चालते. फिनाईलच्या फरशीवरून चालून मांजराने पंजे चाटले की ते त्याच्या पोटात जाते. पाइन तेलाचे पांढरे फिनाईलही त्याला घातकच. (पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, तीही याच यकृताच्या मर्यादेमुळे.) अमोनियाच्या क्लीनरने मांजराला तिथे पूर्वी कोणीतरी शू केल्याचा भास होतो. ब्लीच थेट लघवीवर ओतले तर माणसाच्याच डोळ्याघशाला झोंबणारा वायू सुटतो. ओल फडक्याने टिपून घ्यावी, घासू नये, मग एन्झाइमचा क्लीनर भरपूर ओतून डाग पुरता भिजू द्यावा आणि आपोआप वाळू द्यावा. कापसाची गादी असेल तर ती उसवून, कापूस उन्हात घालून, नव्याने पिंजून घेण्यावाचून गत्यंतर नाही. जुने डाग अंधारात अतिनील टॉर्चने चमकतात. टॉर्च घेऊन घर पालथे घालायला निघालेल्यांनी मनाची तयारी ठेवावी, कारण सगळेच चमकणारे डाग मांजराचे नसतात.

मांजराचे नाक डागात घासणे, त्याला बोळात फटका देणे, त्याच्या अंगावर पाणी उडवणे या पारंपरिक उपायांनी ते एकच गोष्ट शिकते, की माणूस जवळ असताना शू करणे धोक्याचे आहे. मग ते माणूस नसेल तिथे, कपाटामागे किंवा पलंगाखालच्या ट्रंकेवर करते, आणि तो डाग पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत सापडतो. त्यापेक्षा त्याने निवडलेल्या जागेवरच काही दिवस एक ट्रे ठेवावा, तो वापरात आला की रोज थोडाथोडा सरकवत हव्या त्या ठिकाणी न्यावा. मांजर म्हातारे असेल तर ट्रेचा काठ पाहावा. बारा वर्षांपुढच्या बहुसंख्य मांजरांच्या एक्सरेत सांध्यांची झीज दिसते, आणि वीतभर उंच काठ ओलांडणे त्यांना गुडघेदुखीच्या माणसाला बसची पायरी चढण्याइतके अवघड जाते. टबाची एक बाजू चार बोटे उंच ठेवून कापली आणि कडा घासून गुळगुळीत केली तर हा प्रश्न सुटतो.

डॉक्टरकडे जाताना काही गोष्टी टिपून न्याव्यात: शू नेमकी कुठे केली, किती केली, उभ्याने की बसून, रंग कसा होता, पाणी पिणे वाढले आहे का आणि गेल्या महिन्यात घरात काय बदलले. दवाखान्यात गेल्यावर मांजर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दगड होऊन बसते, त्यामुळे प्रात्यक्षिक मिळत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये मांजराचे झोपलेले, जांभई देणारे आणि खोक्यात बसलेले शेकडो फोटो असतातच. त्यांत शू करतानाचा एक छोटा व्हिडिओ असू द्यावा, निदानाला तो या सगळ्यांपेक्षा उपयोगी पडतो.